नाना, हेल्मेट आणि ‘मे गुस्ता’

लग्न होऊन धुळ्याला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी असा एक मूर्खपणा केला, की सासूबाई होत्या तोवर त्याची शिक्षा भोगली. त्यांनी माझ्या ताटात गिलक्याची भाजी वाढली. तुमच्याकडे गिलक्यांना घोसाळी म्हणत असतील, पण नाव बदलल्यानं त्यांचा स्वभाव बदलत नाही. शिजली की भाजीचा चिखल होतो. दातांना ती काम देत नाही, जिभेची परवानगी घेत नाही, आपली आपणच घशात घरंगळते. मला लहानपणापासून तिची शिसारी. पण सासूबाई पदर खोचून समोर उभ्या, आणि त्यांनी विचारलं, “आवडस का व पोरी?”

‘नाही’ म्हटलं तर ही बाई मला संध्याकाळच्या गाडीनं जळगावला परत धाडणार, अशी माझी खात्री झाली. त्या वेळची मी म्हणजे अक्कल जळगावच्या फलाटावर विसरून आलेली पोर. “खूप आवडते,” मी म्हणाले, आणि पुरावा म्हणून आणखी वाढून घेतली.

झालं! सासूबाईंनी ही बातमी साऱ्या भाऊबंदांत पोचवली. नणंदा माहेरपणाला आल्या की माझ्यासाठी पिशवी भरून गिलके आणत. डोहाळजेवणाच्या ताटात मधोमध गिलक्याची भजी. तापातून उठले तर तोंडाला चव यावी म्हणून गिलके. आणि सासूबाई इतक्या मायेनं वाढायच्या, की खरं सांगायची सोय दर वर्षी थोडी थोडी कमीच होत गेली.

ही गोष्ट आत्ता सांगायचं कारण आमचे शेजारी यशवंतनाना. त्यांच्या आणि आमच्या मधे एक भिंत आहे, आणि त्या भिंतीवर त्यांचा गिलक्याचा वेल आहे. नशीब बघा माझं!

एका सकाळी मी आमच्या बाजूला पडलेले गिलके गोळा करून मुकाट्यानं त्यांच्या बाजूला टाकत होते. एवढ्यात पलीकडून मोठ्यानं आवाज आला, “मे गुस्ता! नो मे गुस्ता!” मी टाचा उंचावून पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत नाना उभे होते. अंगात बनियन, हातात चिमटा, आणि डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, काच खाली ओढलेली.

हेल्मेटचं मला नवल नव्हतं. ते रोजचंच. बायको गेल्यापासून नानांना स्वयंपाक करावा लागतो आणि त्यांचा कुकरवर विश्वास नाही. कुकर गॅसवर चढला की नाना हेल्मेट चढवतात, आणि तिसरी शिट्टी झाली की लांबूनच चिमट्यानं गॅसचं बटण फिरवतात. एकदा मी म्हणाले, “नाना, आम्ही बायका जन्मभर उघड्या डोक्यानं कुकर लावतो.” तर म्हणाले, “तुमचं धाडस शे वहिनी. पण काही भरवसा नही.”

‘काही भरवसा नही’ हा त्यांचा श्वास. पंख्याचा भरवसा नाही, म्हणून पलंग भिंतीला चिकटवलेला. कूलरचा नाही, म्हणून त्यात पाणी ओतायचं ते रबरी चपला घालून, दोन पावलं मागून, फेकून. निम्मं पाणी कूलरमध्ये, निम्मं पलंगावर. जळगावला कुणाला दवाखान्यात भेटायला गेले, तर लिफ्टचा भरवसा नाही म्हणून जिने चढले. वर पोचले तेव्हा पेशंटनंच उठून त्यांना पाणी दिलं. नाना घाबरले की अहिराणीत बोलतात, आणि घाबरलेले नसतात असं फारसं होत नाही.

असा हा माणूस नोकरीला कुठे असावा? बसस्थानकावर. गाड्यांची घोषणा करायला. भोंग्यातून त्यांचा आवाज निघाला की सारं स्थानक सरळ उभं राहायचं. ‘पारोळा, एरंडोलमार्गे जळगावला जाणारी गाडी...’ त्या आवाजात भीतीचा लवलेश नसायचा. निवृत्त झाले, भोंगा तिथंच राहिला, आवाज मात्र घरी आला. त्यामुळे त्यांनी घरात मीठ मागितलं तरी गल्लीला वाटायचं, कुठली तरी गाडी लागली.

तर त्याच आवाजात ते आता ‘मे गुस्ता’ची घोषणा करत होते. मला वाटलं, कुकरच्या धसक्यानं यांना कसली तरी बाधा झाली.

“नाना, बरं आहे ना?”

त्यांनी हेल्मेटची काच वर केली. “स्पॅनिश शे, वहिनी.”

नानांची एकुलती एक लेक माधुरी शिकायला म्हणून स्पेनला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून राहिली. लग्नाला बोलावणं होतं. नानांना विमानाचा भरवसा नाही. म्हणाले, “इमान वर असतं. वर फलाट नसतो. बिघडलं तर उभं कुठे राहायचं?” त्यांची बायको सिंधू माझी भिंतीवरची मैत्रीण. मी तिला म्हणाले, तू तरी जा. तर म्हणाली, “मला तरी कुठे हौस आहे?” आणि वळून वेलाला पाणी घालायला लागली. मग लग्न दोघांनी मोबाइलवर पाहिलं, मोबाइल उशीला टेकवून. पुढे सिंधू गेली. माधुरी धावत आली, तेव्हा तिची लेक तान्ही होती म्हणून तिला तिकडेच ठेवून आली होती. ती नात, लूसिया, आता शाळेत जाते. मराठी थोडं समजतं, बोलणं सगळं स्पॅनिश. आणि आखाजीला माधुरी लेकीला घेऊन येणार होती.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, आमरस-पुरणपोळी होते, आणि गेलेल्या माणसांसाठी घागर भरून त्यांच्या नावानं नैवेद्य दाखवतात. लेक आली नाही तर आखाजी सुनी जाते. नानांच्या घरी ती कितीतरी वर्षं सुनीच जात होती. तरी ते दर वर्षी कडुलिंबाला झोका बांधायचे, रिकामाच हलवून बघायचे आणि दोराचा भरवसा नाही म्हणून सोडून ठेवायचे.

आता नाना मोबाइलवरून स्पॅनिश शिकत होते. मोबाइलमधली बाई आधी म्हणायची, मागून नाना. पण महिने गेले तरी त्यांचा धडा एकच. आवडीनिवडीचा.

“पुढचा धडा घ्या की नाना.”

“पुढे बाजाराचा रस्ता विचारायला शिकवतात. बाजाराचा रस्ता माले ठाऊक शे.” मग भिंतीवर कोपर टेकवून त्यांनी समजावून सांगितलं. “वहिनी, आजोबाला नातीशी काय बोलायचं असतं? हे आवडतं का, ते आवडलं का, अमुक आवडेल का. संपली भाषा! मे गुस्ता म्हणजे माले आवडस. ते गुस्ता म्हणजे आवडस का. ते गुस्तो म्हणजे आवडनं का. ते गुस्तारा म्हणजे आवडी का. आणि एक गुस्ताबा शे, तो पूर्वी आवडायचं त्याचा. मजा बघा. इंग्रजीत माणूस आधी ‘मी’ म्हणून पुढे सरसावतो, मग आवडून घेतो. स्पॅनिशमध्ये तसं नाही. माणूस आपला गप बसलेला, वस्तूच येऊन त्याला आवडते. बिलकुल आपल्यासारखं.”

“मग अडलं कुठे?”

नानांचं तोंड उतरलं. वेलाचं एक पान त्यांनी चिमटीत धरलं. “त्या पोरीले आठे नही आवडनं तं?” इथं आवडलं नाही तर, म्हणजे. “घर नही आवडनं, ऊन नही आवडनं, मी नही आवडनू तं? मग माधुरी कशाला येईल परत? लेकरू रडत असेल तिथं कोणती आई येते? वहिनी, एवढी एकच आखाजी शे मना हातात. माले भ्याव वाटस.”

कुकरच्या भीतीला मी हसत होते. या भीतीला मला हसता आलं नाही. नुसतं म्हणाले, “आवडेल हो.” ते म्हणाले, “भरवसा नही.”

माधुरी आणि लूसिया आल्या त्या दिवशी गल्लीत ऊन असं होतं की कावळेही सावलीत बसून बोलत होते. लूसिया लाल झालेली, आईच्या ओढणीत अर्धी लपलेली. नाना दारात उभे, घामानं थबथबलेले, हात जोडलेले. नातीला नमस्कार करत होते! तिनं हळूच “आबुएलो” म्हटलं. म्हणजे आजोबा. नानांनी माझ्याकडे विजयानं पाहिलं. “ऐकलं? आबा आपल्याकडूनच गेला तिकडे.”

पहिल्या जेवणाला मी होते. नानांनी स्वतः रांधलं होतं. वरणभात, ज्वारीची भाकरी, आणि एका वाटीत ती. गिलक्याची भाजी. पोर पाटावर बसली आणि नानांनी तिच्यासमोर वाटी सरकवून, बसस्थानकाच्या आवाजात, पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “आ तू आबुएला ले गुस्ताबा!”

तुझ्या आजीला हे आवडायचं.

पोर दचकली. भिंतीवरच्या सिंधूच्या फोटोकडे तिनं पाहिलं, हाराकडे पाहिलं, मग वाटीकडे. एक घास घेतला. नाना गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकले, निकाल लागायची वाट बघत असल्यासारखे. “ते गुस्ता?”

“सी,” पोर म्हणाली. हो. आणि आणखी एक घास घेतला.

नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र पोरीच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चेहरा मी ओळखला. गाल फुगवलेले, श्वास रोखलेला, डोळे समोर उभ्या माणसावर खिळलेले आणि घास जिभेच्या बाजूनं गुपचूप घशाकडे ढकललेला. तो चेहरा माझा होता. मी जळगावच्या फलाटावर विसरलेली अक्कल स्पेनच्या पोरीनंही कुठल्या तरी विमानतळावर ठेवलेली दिसत होती.

मग सुरू झालं. सकाळी गिलके, रात्री गिलके. गिलक्याचं भरीत, गिलक्याची भजी. नाना हेल्मेट घालून दिवसभर रांधत होते आणि साऱ्या गल्लीला सांगत होते, “नात बिलकुल सिंधूवर गेली. गिलक्यावर जीव शे तिचा.” पोर प्रत्येक वेळी “सी” म्हणायची आणि दिवसेंदिवस गप्प होत होती. झोक्याकडे बघायची, पण जवळ जायची नाही. नाना तिला विचारून विचारून हैराण करायचे. ते गुस्ता? ते गुस्तो? ते गुस्तारा? एखाद्या फौजदारानं विचारावं तसं. खरं तर घाबरलेले तेच होते. पण भोंग्यातून आलेली भीती दुसऱ्याला दरडावणीच वाटते.

आखाजीच्या आदल्या दिवशी माधुरी भिंतीशी आली. “काकू, लूसिया विचारत होती, घरी कधी जायचं. पोट दुखतं म्हणते. मी उगाच आणलं का तिला? पुढच्या वेळी एकटीच येईन म्हणते. किंवा बघू, कसं जमतं ते.”

‘बघू कसं जमतं’ याचा अर्थ मला कळतो. मी चार पोरं परगावी धाडलेली बाई आहे. माझं धाबं दणाणलं. नानांना खरं सांगावं तर तो माणूस कोसळेल. आधीच उभा कसा आहे ते मला माहीत. न सांगावं तर पोर पोटात गिलके आणि भीती घेऊन जाईल आणि परत यायची नाही. सासूबाई असत्या तर त्यांनी काय केलं असतं, हा विचार मनात आला आणि मी तो लगेच झटकला. त्यांनी आणखी वाढली असती.

आखाजीला नानांनी सिंधूच्या नावाची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. मी खापरावरची पुरणपोळी करून नेली होती, आमरस होता, कुरडया होत्या. आणि नैवेद्याच्या पानावर अगदी मधोमध नानांनी गिलक्याची भाजी वाढली. हात जोडून पुटपुटले, “घे सिंधू. तुझ्या आवडीची.”

मग पंगत बसली. नाना वाढायला. माझ्या वाटीत गिलके, लूसियाच्या वाटीत गिलके. नानांनी घसा साफ केला. “ते गुस्ता?”

पोरीनं तोंड उघडायच्या आत मी माझी वाटी उचलली आणि पानाच्या बाहेर ठेवली. खणखणीत आवाज करून. एवढी म्हातारी झाले तरी असं वाटलं, मागच्या दारातून सासूबाई आत्ता येतील. पण नानांचा धडा भिंतीपलीकडून मलाही पाठ झालेला होता. मी मान ताठ केली आणि म्हणाले, “नो मे गुस्ता. नुंका मे गुस्तो.”

मला आवडत नाही. कधीच आवडलं नाही.

नानांच्या हातातली पळी तशीच राहिली. “वहिनी? पण तुमच्या सासूबाई तर...”

“त्यांना मी घाबरून खोटं सांगितलं होतं. घास सुटेना, आणि खोटं तर त्याहून सुटेना. नाना, मी जन्मभर हा चिखल गिळला. आता नाही.”

लूसिया माझ्याकडे बघत होती. माझ्या वाटीकडे. मग नानांकडे. तिनं एक बोट लावून आपली वाटी अगदी हळू, माझ्या वाटीशेजारी सरकवली. आणि कुजबुजली, “आ मी ताम्पोको.”

हे काही नानांच्या धड्यात नव्हतं. त्यांनी माधुरीकडे पाहिलं. माधुरी म्हणाली, “‘मलापण नाही,’ म्हणते.”

नाना मटकन खाली बसले. मला वाटलं, संपलं, मीच हे घर पाडलं. त्यांचे ओठ हलत होते. “म्हणजे मी रोज... लेकराला... पण सिंधूले तं किती आवडायचं.”

“नाना,” माधुरी म्हणाली. ती हसत होती की रडत होती ते कळेना. “आईला गिलके बिलकुल आवडायचे नाहीत.”

“काय बोलस?”

“आजी तिला म्हणाली होती, माझ्या यशवंताला गिलके फार आवडतात. म्हणून तिनं वेल लावला. ती कधी स्वतःच्या ताटात घ्यायची का? आठवा. ओट्याशी उभी राहून लोणच्याशी भाकरी खायची.”

“ती म्हणायची, तुम्ही घ्या, मला पुरतं,” नाना म्हणाले. “माले वाटे, आवडती वस्तू माझ्यासाठी सोडते. म्हणून मी... माले बी नही आवडस, माधुरी. तिचं मन राखायला खात होतो मी.”

माधुरीनं नैवेद्याच्या पानाकडे बोट केलं. मधोमध वाढलेल्या त्या हिरव्या ढिगाकडे. “आणि दर आखाजीला हे! नाना, अहो मेल्यावर तरी सोडा तिला!”

सगळ्यांत आधी हसले नाना. मग मी, मग माधुरी. लूसियाला काही कळलं नाही, पण ती आमच्याकडे बघून हसायला लागली, आणि आल्यापासून पहिल्यांदा तिचे दात मला दिसले. मग तिनं नानांच्या गुडघ्याला हात लावला आणि विचारलं, “ई आ ती?” आणि तुला? तुला काय आवडतं?

नाना गोंधळले. इतके महिने त्यांनी विचारायची तयारी केली होती. त्यांना कुणी विचारेल हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. त्यांनी छताकडे पाहिलं, हातातल्या पळीकडे पाहिलं. मग उठले, तिचं बोट धरून लिंबाखाली गेले. दोर तीनदा ओढून बघितला. आत जाऊन हेल्मेट आणलं आणि झोक्यावर बसलेल्या नातीच्या डोक्यात घातलं. पट्टा लावला. आणि झोका ढकलून, त्या भरदार आवाजात, जो मी कितीतरी वर्षांत तसा ऐकला नव्हता, घोषणा केली, “पारोळा, एरंडोलमार्गे जळगावला जाणारी गाडी सुटत आहे!”

पोर हेल्मेटच्या आतून किंचाळली, “मे गुस्ता!” कुणी विचारलेलं नसताना.

निघाल्या तेव्हा माधुरी भिंतीशी येऊन म्हणाली, “काकू, ती आत्ताच पुढच्या आखाजीचं विचारते. आणि हेल्मेट नेऊ का म्हणते.” नानांनी हेल्मेट दिलं नाही. कुकरचा भरवसा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडे अगदी शांत होतं. ना शिट्टी, ना स्पॅनिश. मी टाचा उंचावून पाहिलं. मला वाटलं होतं, वेल उपटून टाकला असेल. नाना तांब्या घेऊन वेलाच्या मुळाशी बसले होते, हळूहळू पाणी घालत.

“आता कशाला हा वेल, नाना?” मी म्हणाले. “खाणारं कुणी उरलं नाही. सुटलो आपण सगळे.”

त्यांनी वर पाहिलं नाही. पाणी संपलं तरी तांब्या तसाच तिरपा धरून बसले. मग म्हणाले, “वहिनी, आवडस का, आवडनं का, आवडी का, बठ्ठं इचारानं शिकनू मी. पण जिले इचारानं व्हतं, तिले कधीच इचारं नही.”